वहिनीच्या उशाशी बरणी

अण्णानं सायकल शेडच्या आत पार रॅकपर्यंत आणली आणि मगच स्टँडवर लावली. एरवी तो सायकल लिंबाखाली ठेवून चालत येई. मागं कॅरियरला उसाच्या पाल्याचा भारा बांधला होता, आणि आमच्या दावणीला तेव्हा एकही जनावर नव्हतं.

"दार लाव," तो म्हणाला.

बेदाण्याच्या शेडला दार नसतं. लोखंडी खांबांवर एकावर एक जाळीचे मजले, त्यालाच आम्ही रॅक म्हणतो. वर पत्रा आणि चारी बाजूंनी हिरवी शेडनेट. वारं खेळावं म्हणून जी गोष्ट बांधायची तिला दार कोण बसवतो? अण्णानं माझ्याकडं रागानं बघितलं, स्वतःच नेट ओढून घेतली, ती उडू नये म्हणून तिच्यावर दोन दगड ठेवले आणि भारा सोडला. पाल्याच्या आत केळीची पानं, पानांच्या आत पोतं आणि पोत्यात गांजाची चार झाडं होती. मुळापासून छाटलेली, बोंडांनी जड झालेली. वास असा सुटला की मी आधी रस्त्याकडं बघितलं.

"लई वास येतोय का रं?" अण्णानं विचारलं.

तो हे मनापासून विचारत होता. अण्णाला वास येत नसे. नाकातलं हाड वाढलंय, कापावं लागेल, असं डॉक्टरांनी त्याला फार पूर्वी सांगितलं होतं आणि त्या दिवसापासून त्यानं डॉक्टर सोडला होता. चुलीवर दूध करपून घर धुरानं भरलं तरी हा पेपर वाचत बसलेला असे. "ह्यांच्या संसारात नाक माझ्याच वाट्याला आलंय," असं वहिनी म्हणायची. आणि असा माणूस जूनपासून आपल्या हळदीच्या रानात, मधोमध, गांजाची पाच झाडं वाढवत होता. शेंडे खुडून खुडून त्यानं ती हळदीच्या उंचीला ठेवली होती. दिसत नाहीत म्हणजे कुणाला कळत नाहीत, असा त्याचा हिशेब.

मी म्हणालो, "अण्णा, शेड माझ्या नावावर हाय."

"म्हाईत हाय."

"पोलीस आलं तर तू बी आत आणि मी बी आत."

"मग काय करू सांग," अण्णा म्हणाला. "तू सांगशील तसं करतो. पन तिनं काल पेजंचं पानी बी ठिवलं न्हाय पोटात."

मी रॅकचा मधला मजला झाडायला घेतला.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. वर्षभरात आई गेली. त्यानंतर मला न्हाऊ घालणं, जेवू घालणं आणि वेळेला पाठीत धपाटा घालणं हे सगळं वहिनीनंच केलं. तिला मूल झालं नाही. तिच्या वाटचं सगळं कौतुक आणि सगळा ओरडा माझ्यावर खर्च झाला. भावजी वगैरे ती मला कधी म्हणालीच नाही, गुरूच म्हणायची. मी बेदाण्याचं शेड घातलं तेव्हा पहिल्या सीझनपासून निवडायला बसणाऱ्या बायकांची मुकादम तीच. डोळे मिटून हुंगलं तरी कुठला बेदाणा ओलसर राहिलाय ते ती सांगायची.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मिरजेला तिच्या पोटाचं ऑपरेशन झालं. रोग काय ते आमच्या घरात कुणी नाव घेऊन बोलत नसे. मग सुया सुरू झाल्या आणि त्यांनी तिची अन्नावरची वासनाच मारली. घास तोंडात गेला की उलटी. छत्तीस वर्षांच्या बाईच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

टेकावरच्या महादेवाच्या देवळात तेव्हा एक गोसावी उतरला होता. त्यानं अण्णाला एक पुडी दिली. वहिनी चिलीम ओढणार नव्हती. "मी काय बैरागी हाय का?" म्हणाली. मग बाळंतिणीला ओव्याची धुरी देतात तशी द्यायची असं ठरलं. घमेल्यात चार निखारे, त्यावर चिमूटभर चुरा आणि डोक्यावरून लुगडं. शेजारापाजाऱ्यांना ओवा म्हणूनच सांगायचं. पहिल्या दिवशी धुरी घेतल्यावर घटकाभरानं वहिनीनं भाकरी मागितली. अर्धी भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर थोडं दही. ते पोटात राहिलंसुद्धा. अण्णा मागच्या दारी जाऊन रडला आणि परत येऊन "डोळ्यात कायतरी गेलं" म्हणाला. असे सहा दिवस ती जेवली. मग पुडी संपली, गोसावी पुढं निघून गेला आणि उरलं ते पुडीच्या तळाचं मूठभर बी. ते अण्णानं हळदीत टोचलं.

म्हणजे जूनपासून आम्ही त्या सहा दिवसांची वाट बघत होतो.

पाचातलं एक झाड अण्णानं दिवाळीच्या पाडव्याला कापून घरात हळदीच्या खोलीत उलटं टांगलं होतं. ते सुकल्यावर त्याची बोंडं आईच्या लोणच्याच्या बरणीत भरली. गोसावी सांगून गेला होता की, कच्चं दिलं तर घसा धरतो, लोणच्यासारखं मुरू द्यायचं. बरणीला रोज सकाळ-संध्याकाळ वारं दाखवायचं, नाहीतर आतल्या ओलीनं सगळं घामेजतं. हे वारं दाखवण्याचं काम वहिनीनं मागून घेतलं. बरणी तिच्या खाटेच्या उशाशी, कोनाड्यात असायची. ती झाकण काढायची, नाक आत घालायची, थोडा वेळ उघडी ठेवायची आणि परत झाकण लावून वर फडक्याचा दादरा बांधायची. दिवसाकाठी तिला एवढंच काम उरलं होतं आणि ते ती मुकादमासारखंच करायची.

"आज अजून वल्या गवताचा वास हाय," एक दिवस म्हणाली. चार दिवसांनी, "आता जरा चांगलं लागतंय. पन घाई करू नगा. मी सांगते तवाच काढायचं."

उरलेली चार झाडं मात्र मोठी होती आणि घरात मावणार नव्हती. म्हणून ती माझ्याकडं आली. नोव्हेंबरात शेड रिकामं असतं. द्राक्षं फेब्रुवारीनंतर. त्या आधी तिकडं कुणी फिरकत नाही.

आता माझ्याबद्दल. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि आसपासच्या पाच-सहा गावांत मला बेदाण्याचा वैद्य म्हणत. मूठभर बेदाणा दाबायचा आणि मूठ उघडायची. दाणे आपोआप सुटे झाले तर माल तयार, गोळा राहिला तर अजून दोन दिवस. एवढीच विद्या, पण लोक गाडी पाठवून बोलवायचे आणि मला ते चढलं होतं. गांजा मी आयुष्यात कधी सुकवला नव्हता. पण सुकवणं म्हणजे सुकवणं, त्यात काय मोठं, असं मी धरून चाललो. उन्हात नको, सावलीत. ढीग नको, एकेक फांदी सुटी. अण्णा मदतीला येत होता, पण मी त्याला रॅकला हात लावू दिला नाही. "तू हळद बघ," म्हणालो.

पाच दिवस उत्तम वारं होतं. सहाव्या दिवशी आभाळ भरून आलं. कुठंतरी समुद्रात वादळ झालं होतं म्हणे. आमच्याकडं त्याचं नुसतं मळभ आणि भुरभुर. वारं थांबलं, नेट ओली होऊन लोंबायला लागली. बेदाण्याच्या सीझनात असं झालं की माझी झोप उडायची. तिसऱ्या दिवशी सकाळी मी खालच्या मजल्यावर कडेला बघितलं तर दोन फांद्यांच्या जाड बोंडांत पांढरी जाळी धरलेली. बुरशी.

दोनच फांद्या होत्या. शहाण्या माणसानं तेवढ्या मोडून उकिरड्यात टाकल्या असत्या. पण मी वैद्य. मला अण्णाचे पाच महिने दिसत होते, आणि माझ्या हातून त्यातलं एक बोंडसुद्धा वाया जाऊ नये असं वाटत होतं. पावसानं भिजलेल्या बेदाण्याला आम्ही काय करतो? गंधकाची धुरी देतो. शेडच्या कोपऱ्यात त्यासाठी बिनखिडकीची एक खोली असते. मालाचे ट्रे आत रचायचे, खाली पाटीत गंधक पेटवायचं आणि फटी लिंपून टाकायच्या. बुरशी जागच्या जागी थांबते आणि वर मालाला सोनेरी रंग चढतो. सगळा मुलूख असा बेदाणा खातो. लग्नात खिरीत घालतो, देवाला प्रसादाला ठेवतो.

मी चारही झाडांच्या फांद्या त्या खोलीत नेल्या. बेदाण्याला लागतं त्याच्या निम्मंच गंधक घेतलं, कारण माल नाजूक. दुपारभर धुरी दिली, संध्याकाळी दार उघडलं. बुरशी गेली होती. पुढं दोन दिवस उघड्यावर वारं दिलं आणि नाक लावून बघितलं. गंधकाचा वास मला आला नाही. आता वर्षानुवर्षं गंधकात वावरणाऱ्या माणसाला तो काय येणार, पण हे मला आत्ता सुचतंय.

अण्णा बघायला आला. हिरवटपणा जाऊन फांद्यांना फिकट पिवळी छटा आली होती.

"रंग चांगला आलाय," तो म्हणाला.

"हात कुणाचा हाय?" मी म्हणालो.

गंधकाचं मी त्याला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सुतार काही गिऱ्हाइकाला रंधा कसा मारला ते सांगत बसत नाही, तसंच.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी वहिनीला पाणीसुद्धा ठरेना. मी घरी गेलो तेव्हा अण्णा खाटेपाशी उकिडवा बसून तिला बरणीतलं घे म्हणून विनवत होता. ती मान हलवत होती. "सोमवारी," ती म्हणाली. "सोमवारपतोर मुरंल. आत्ता काढलं तर समदंच कच्चं जाईल."

"सोमवार लांब हाय," अण्णा म्हणाला.

तेव्हा मी बोललो. माझ्या शेडमधलं कोरडं खडखडीत झालंय, बारीक बोंडं आहेत, बरणीची वाट बघायचं काही कारण नाही, असं मी म्हणालो. खरं सांगायचं तर आईच्या जुनाट बरणीपेक्षा माझं शेड सरस ठरावं असं मला वाटत होतं. वहिनी हसली. "घे बाबा, वैद्याचं औषध घे आधी," म्हणाली. मी सायकल मारत शेडवर गेलो आणि पिशवीभर माल घेऊन आलो.

निखारे तयार होते. अण्णानं वहिनीला उठवून बसवलं, घमेलं तिच्यापुढं पाटावर ठेवलं, मी चिमूटभर चुरा टाकला आणि अण्णानं तिच्या डोक्यावरून लुगडं ओढलं. त्याचा एक हात तिच्या पाठीवर होता. लुगड्याखाली तिनं दोन वेळा खोल श्वास घेतला. चांगला घेतला, भुकेल्या माणसानं घ्यावा तसा.

मग ती खोकायला लागली. नेहमीचा खोकला नव्हता. आवाजच फुटत नव्हता, नुसतं अंग उसळत होतं. तिनं लुगडं ओढून फेकलं. डोळे लाल, नाका-तोंडातून पाणी. लुगडं निघालं तसा धूर खोलीत पसरला, आणि आगपेटीतल्या सगळ्या काड्या एकदम पेटल्यासारखा तो वास माझ्यासुद्धा नाकात गेला. निखाऱ्यावर गंधक पुन्हा जागं झालं होतं. बेदाणा कुणी निखाऱ्यावर टाकत नाही, त्यामुळं हे मला माहीत असायचं कारण नव्हतं. माहीत मात्र असायला हवं होतं. वहिनीनं घमेल्याकडं बघितलं आणि मग माझ्याकडं.

अण्णाला काहीच कळत नव्हतं. त्याला फक्त धूर दिसत होता आणि गुदमरणारी बायको दिसत होती. तो तिची पाठ चोळत होता, पाणी पाजत होता, ते पाणी बाहेर येत होतं. "काय पाजलं मी तुला, काय पाजलं," एवढंच तो म्हणत राहिला. सुयांनी आधीच सोललेला घसा तो. अर्ध्या तासानं श्वास जरा खाली बसला, पण आवाज गेला होता. ती पडून राहिली, छाती वरखाली होत होती.

अण्णा उठला. घमेलं उचलून त्यानं परसात नेऊन उपडं केलं. माझ्या हातातली पिशवी हिसकून घेतली. मग कोनाड्याकडं वळला आणि बरणी उचलली. वहिनीनं गोधडीवरून हात उचलून हलवला.

"व्हय, नेतो," अण्णा तिला म्हणाला. "ह्ये बी नेतो. परत तुझ्या डोळ्याला दिसायचं न्हाय."

परसात पाण्याचा बंब पेटलेलाच होता. त्यानं पिशवी त्यात कोंबली. बरणीचा दादरा सोडला आणि ती बंबाच्या तोंडावर उपडी केली. आत बोटं घालून तळाचं खरवडून काढलं. मग मला म्हणाला, "शेडमधलं राहिलेलं आण." मी आणलं. दोन खेपांत सगळं आणलं, अगदी जाळीवरचा भुगासुद्धा झाडून आणला. जूनपासून जे पाल्याखाली, पानाखाली लपवलं ते भर दुपारी बंबाच्या नळकांड्यातून गावभर गेलं. पलीकडच्या परड्यातून कडाप्पा आजोबांनी काय जाळताय म्हणून विचारलं. मी म्हणालो, वहिनीची जुनी औषधं.

त्यानंतर वहिनी तेवीस दिवस होती. पेज दोन चमचे, कधी लिंबाचं पाणी, मिरजेहून आणलेली सलाइनची बाटली एक दिवसाआड. भाकरी तिनं पुन्हा मागितली नाही.

माणसं भेटायला आली की अण्णा प्रत्येकाला सांगायचा, माझ्या हातानं झालं. डॉक्टर म्हणाले, रोगच तसला होता, तुम्ही काही केलं असतंत-नसतंत तरी दिवाळीनंतर फार दिवस नव्हते. त्याला ते पटलं नाही. रोगानं माणूस जातं हे त्याला कळत होतं. जाता जाता ते चार घास खाऊन गेलं असतं, ते आपण घालवलं, एवढंच त्याला सलत होतं. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. हळदीच्या त्या वाफ्यात पुन्हा काही लावलं नाही. बरणी धुऊन कोनाड्यात उपडी ठेवली, ती तिथंच राहिली. माझं लग्न झालं, मुलं झाली. माझ्या बायकोनं एकदा लोणच्यासाठी बरणी मागितली तर अण्णा बाजारातून नवी घेऊन आला.

आणि मी पंचवीस वर्षं त्याच्या शेजारी बसून जेवलो.

मागच्या वर्षी मार्चमध्ये, शेडवर मालाला धुरी द्यायचं काम चाललं होतं तेव्हा अण्णा येऊन बाजेवर बसला. आता तो सत्तरीचा आहे. काही कारण नसताना वहिनीचा विषय निघाला आणि तो नेहमीचं वाक्य बोलला. कुठली घाण पिकवली मी आणि पाजली तिला. त्या दिवशी मला ते ऐकवेना. मी गंधकाची पाटी खाली ठेवली आणि त्याला सांगितलं. बुरशी आली होती, मी धुरी दिली, तू पिकवलेलं चांगलंच होतं, जे केलं ते मी केलं.

अण्णानं धुरीच्या खोलीच्या दाराकडं बघितलं. त्याला वास येत नाही, पण फटीतून पिवळसर धूर येत होता तो त्याला दिसत होता.

"बुरशी आली म्हणून केलंस न्हवं?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"वाया जाऊ ने म्हणून."

"व्हय, अण्णा."

"मग जाऊ दे," तो म्हणाला. "आपल्या मानसासाठी करताना चुकलास. मला वाटायचं माझ्या मातीतच कायतरी खोट हाय." त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्या दिवशी तो पोटभर जेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्यानं ती बरणी स्वतः काढून माझ्या बायकोला दिली. कैरीचं घाल म्हणाला.

मी त्याला सगळं सांगितलं असं त्याला वाटतं.

त्या गुरुवारनंतर तिसऱ्या दिवशी वहिनीचा आवाज परत आला. अण्णा औषध आणायला मिरजेला गेला होता. सकाळी दहाचा सुमार असेल. तिनं मला हाक मारली आणि खाटेपाशी बसायला सांगितलं. आवाज फाटलेला होता, शब्द मोजून येत होते.

"गंधक दिल्तास?"

मी मान हलवली.

"सात वर्सं बेदाणा निवडलाय मी," ती म्हणाली. "मला कळायचं ऱ्हाईल व्हय?"

"बुरशी आल्ती वहिनी. दोन फांद्यांना."

"मग दोन टाकायच्या," ती म्हणाली. "असू दे. चुकतंय मानूस. ह्यांना सांगू नगस. मी गेल्यावर तुमी दोघंच हाय."

मी रडायला लागलो. तिनं मला रडू दिलं. मला वाटलं झालं, सुटलो. तिनं माफ केलं होतं आणि वर सांगू नको म्हणून शपथ घातल्यासारखंच केलं होतं. मी डोळे पुसून उठायला लागलो तेव्हा ती म्हणाली,

"बरणीत गंधक न्हवतं."

"न्हाय."

"ती चांगली हुती. सोमवारी झालीच असती." तिची मान कोनाड्याकडं वळली. बरणी तिथं उपडी होती. "ह्यांनी उचलली तवा मी हात केल्ता. ऱ्हाऊ द्या म्हणून. ह्यांना वाटलं, न्या म्हणतीया. तुला कळलं का रं?"

मला कळलं होतं. ती हात हलवत होती ते झटकल्यासारखं नव्हतं, बोटं बरणीकडं होती. दिवसातून दोनदा जी बाई त्या बरणीत नाक घालून बसायची ती तिला नको म्हणेल हे कसं शक्य होतं? खाटेपासून बंबापर्यंत वीस-पंचवीस पावलं. तेवढ्या वेळात मी म्हणू शकलो असतो, अण्णा, थांब, बरणीतलं चांगलं आहे. पण मग त्यानं विचारलं असतं, तुला कसं माहीत? आणि गंधकाचं निघालं असतं. म्हणून मी त्याच्या मागं मागं चालत गेलो. दादरा सुटेपर्यंत, तळ खरवडून होईपर्यंत शेजारी उभा राहिलो, आणि मग शेडमधलं आणायला धावलो, कारण ते जळलं की माझी खूण पुसणार होती.

"न्हाय वहिनी," मी म्हणालो. "मला बी न्हाय कळलं."

मग तिनं गोधडीवरचा आपला उजवा हात उचलला, थोडासाच, वीतभर, आणि त्याच्याकडं बघितलं.

"मग नीट उचलला नसंल मी," ती म्हणाली, आणि हात गोधडीखाली घेतला.